महामार्ग रुंद होतोय. आपल्या वस्तीचे कागद तयार आहेत का?

महाबळेश्वर-पाचगणीचा डोंगर उतरून वाईमार्गे सुरूरला आले की पुणे-बंगळूर राष्ट्रीय महामार्ग लागतो. तिथून दक्षिणेला सातारा, उंब्रज, कराड, पेठ नाका आणि पुढे कागल. सातारा ते कागल हा चारपदरी रस्ता सहापदरी करण्याचे काम सध्याच्या पिढीने डोळ्यांनी पाहिले आहे. त्यातले सगळ्यात मोठे काम कराडला. कोल्हापूर नाका आणि त्याला लागून असलेले मलकापूर इथले जुने उड्डाणपूल २०२३ मध्ये पाडले गेले. त्यांच्या जागी खांबांवर उभा राहणारा, सुमारे साडेतीन किलोमीटरचा एकच लांब पूल हाती घेण्यात आला. तेव्हापासून सर्व्हिस रोडवरची कोंडी, धूळ आणि रोज बदलणारी वळणे हा कराड-मलकापूरकरांच्या बोलण्यातला नेहमीचा विषय झाला.

बातम्यांत कोंडी येते, गर्डर येतात, पुढाऱ्यांचे पाहणी दौरे येतात. रस्त्याच्या कडेची वस्ती मात्र बातमीत येते ती जेसीबी येतो त्या दिवशी. तेव्हा आपले कार्यकर्ते धावत जातात, आडवे होतात, घोषणा देतात. पण कायद्याने बोलण्याची जी वेळ दिलेली असते, ती बहुतेकदा त्याच्या कितीतरी महिने आधी संपलेली असते. आमचे सांगणे एवढेच आहे की रस्त्याची लढाई जेसीबीसमोर नव्हे, तर २१ दिवसांच्या मुदतीत आणि कागदावर लढायची असते. ती कशी लढायची हे या लेखात क्रमाने मांडत आहोत. रस्ता होऊ नये असे आमचे म्हणणे नाही. रस्ता आपल्यालाही हवा आहे. तो आपल्या वस्तीला वळसा घालून किंवा वस्ती तोडून जाऊ नये, एवढीच मागणी आहे.

मसूरचा रस्ता विसरू नका

सातारा जिल्ह्यातल्या रस्त्याची एक गोष्ट आपल्याला तोंडपाठ असायला हवी. १९०१ साल. साताऱ्यात राहणारे लहानगे भीमराव, त्यांचे बंधू आणि बहिणीची मुले वडिलांना भेटायला निघाली. रामजीबाबा तेव्हा खटाव तालुक्यातल्या गोरेगावला दुष्काळी कामावर रोखपाल होते. मुले आगगाडीने मसूरला उतरली. मसूर आजच्या कराड तालुक्यात. मुले महार आहेत हे कळताच स्टेशनमास्तरचा चेहरा बदलला. एकही गाडीवान त्यांना गाडीत बसवायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे ठरले आणि अट अशी की गाडी मुलांनीच हाकायची, गाडीवान बरोबर चालत येणार. मध्यरात्रीच्या सुमारास ती टोल घेणाऱ्याच्या झोपडीपाशी पोहोचली. डब्यात जेवण होते, पण प्यायला पाणी मिळाले नाही. मुले उपाशी झोपली. बाबासाहेबांनी ही आठवण 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर लेखनात पहिलीच म्हणून सांगितली आहे.

रस्ता होता, गाडी होती, टोलनाकाही होता. फक्त तो रस्ता कोणासाठी आहे, हा प्रश्न सुटलेला नव्हता. आज गाडीवान कोणाला जात विचारून एसटीत चढवत नाही, हे संविधानाचे यश आहे. पण रस्ता आखताना कोणाच्या येण्याजाण्याचा विचार होतो आणि कोणाचा राहून जातो, हा प्रश्न अजून शिल्लक आहे. गावकुसाबाहेरच्या वस्त्या गावाच्या कडेला वसल्या, आणि बाहेरून जाणारा रस्ता त्याच कडेला येऊन भिडतो.

पूल भिंतीवर आहे की खांबांवर?

रुंदीकरणाचा आराखडा हातात आला की पहिल्यांदा पूल कसा आहे ते पाहा. उड्डाणपूल ढोबळपणे दोन प्रकारे बांधतात. एका प्रकारात दोन्ही बाजूंना उंच भिंती उभ्या करून मधे मातीचा भराव टाकतात आणि फक्त चौकापुरती मोकळी जागा सोडतात. हा स्वस्त पडतो. पण भरावाची लांबी जितकी, तितकी गावाच्या मधोमध भिंत उभी राहते. शाळा एका बाजूला आणि वस्ती दुसऱ्या बाजूला असेल, तर पोरांना चौकापर्यंत वळसा पडतो. वळसा लांब असला की माणसे जीव मुठीत धरून दुभाजकावरून उड्या मारतात. पावसाचे पाणीही भिंतीला अडते आणि सखल भागातल्या घरांत शिरते. सखल भागात कोण राहते, ते सांगायला नको.

दुसऱ्या प्रकारात पूर्ण पूल खांबांवर असतो. खर्च जास्त, पण खालून गाव जोडलेले राहते. कराड-मलकापूरच्या नव्या पुलाचे महत्त्व इथे आहे. ज्या उपनगरातून महामार्ग जातो, त्याला भिंतीऐवजी खांबांचा पूल मिळू शकतो, हे या पुलाने दाखवले. तुमच्या गावात भरावाचा पूल येत असेल तर 'कराडला खांबांवर होतो, मग इथे का नाही' हा प्रश्न विचारण्याचा अधिकार तुम्हाला आहे. खांबांवरचा पूल शक्य नसेल तर वस्तीसमोर पादचाऱ्यांसाठी भुयारी मार्ग, त्यात दिवे आणि पाणी काढण्याची सोय, सर्व्हिस रोडला पदपथ आणि बंद गटार, या मागण्या लेखी द्या. एकदा काम सुरू झाले की नवा भुयारी मार्ग मिळवणे फार अवघड जाते. आराखडा कागदावर असताना त्यात बदल करणे तुलनेने सोपे असते.

पुलाची आणखी एक आठवण बाबासाहेबांच्याच लेखनात आहे, ती खानदेशातली. १९२९ मध्ये ते चाळीसगावला उतरले. महारवाड्यात जायला नदीवरचा फरशीपूल ओलांडावा लागे आणि त्याला धड कठडा नव्हता. एकही टांगेवाला त्यांना न्यायला तयार होईना, म्हणून वस्तीतल्याच एकाने सवय नसताना टांगा हाकला. पुलावर अपघात झाला, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. जातीचा विटाळ आणि वस्तीकडे जाणाऱ्या पुलाची हेळसांड, दोन्ही एकाच अपघातात भेटले. म्हणून कठडा, पदपथ, दिवा या किरकोळ मागण्या आहेत असे कोणी म्हणाले तर ऐकून घेऊ नका.

भूसंपादनाच्या पायऱ्या आणि मुदती

राष्ट्रीय महामार्गासाठी जमीन घेतली जाते ती राष्ट्रीय महामार्ग अधिनियम, १९५६ खाली. त्यातली कलमे पाठ करण्याची गरज नाही. क्रम मात्र पाठ हवा.

पहिली पायरी, कलम ३अ. सरकार कोणत्या गटाची किती जमीन घेणार, याची अधिसूचना राजपत्रात निघते. तिचा गोषवारा दोन वर्तमानपत्रांत येतो आणि त्यांतले एक स्थानिक भाषेतले असावे लागते.

दुसरी पायरी, कलम ३क. अधिसूचनेपासून २१ दिवसांत लेखी हरकत घेता येते. हे दिवस राजपत्रातल्या तारखेपासून मोजतात. वर्तमानपत्र तुमच्या हातात येईपर्यंत त्यातले काही दिवस गेलेले असतात. हरकत घेतली की सक्षम प्राधिकाऱ्याने तुम्हाला किंवा तुमच्या वकिलाला प्रत्यक्ष ऐकून घ्यायचे असते. हरकतच घेतली नाही तर ऐकण्याचा प्रश्नच येत नाही.

तिसरी पायरी, कलम ३ड. ही घोषणा राजपत्रात आली की जमीन केंद्र सरकारची झाली. पहिल्या अधिसूचनेपासून एका वर्षात ही घोषणा झाली नाही, तर ती अधिसूचना रद्द होते. म्हणून दोन्ही तारखा लिहून ठेवा.

चौथी पायरी, कलम ३ग. मोबदला ठरवण्यापूर्वी हितसंबंधितांकडून दावे मागवण्याची जाहीर सूचना निघते. घर, विहीर, झाडे, पाइपलाइन, दुकान, सगळ्याचा दावा इथे करायचा. त्याआधी संयुक्त मोजणी होते, तेव्हा स्वतः हजर राहा. पंचनाम्यात जे लिहिले नाही त्याचा मोबदला मागताना पुढे फार झगडावे लागते. रक्कम मान्य नसेल तर याच कलमाखाली लवादाकडे जाता येते. रक्कम घ्यायची असेल तर 'ही रक्कम मान्य नाही, हक्क राखून स्वीकारत आहे' असे लिहून द्या आणि पोच घ्या.

पाचवी पायरी, कलम ३इ. मोबदला जमा झाल्यावर ताबा देण्यासाठी ६० दिवसांची नोटीस येते.

मोबदला किती, हे ठरवताना २०१३ च्या भूसंपादन कायद्याचे नियम लागतात. २८ ऑगस्ट २०१५ च्या केंद्राच्या आदेशाने ते महामार्गालाही लागू झाले. बाजारभावाच्या हिशेबावर १०० टक्के दिलासा रक्कम मिळते. पुनर्वसनाच्या तरतुदी वेगळ्या आहेत. विस्थापित कुटुंबाला वर्षभर दरमहा ३,००० रुपये, सामान हलवण्यासाठी ५०,०००, एकरकमी पुनर्वसन भत्ता ५०,०००, आणि छोट्या दुकानासाठी किंवा गोठ्यासाठी किमान २५,००० अशा रकमा कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत लिहिलेल्या आहेत. जमिनीचा चेक मिळाला म्हणजे सगळे मिळाले, असे समजू नका.

चारपदरीकरणाच्या वेळी ज्यांची जमीन गेली, त्या कुटुंबांसाठीही एक गोष्ट. तेव्हा महामार्गाच्या मोबदल्यावर दिलासा रक्कम आणि व्याज दिले जात नसे. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये तरसेम सिंग प्रकरणात हा भेदभाव घटनाबाह्य ठरवला. तुमचे प्रकरण केव्हा निकाली निघाले यावर हक्क अवलंबून आहे. जुने निवाडे घेऊन एकदा वकिलाला दाखवा.

रस्ता राष्ट्रीय महामार्ग नसेल तर कायदा आणि मुदत दोन्ही बदलतात. २०१३ च्या कायद्याखाली थेट संपादन होत असेल तर हरकतीला ६० दिवस मिळतात. सुरूर-वाई-पाचगणी-महाबळेश्वर-पोलादपूर हा आपल्या ओळखीचा रस्ता. २० मार्चला कितीतरी गाड्या याच घाटाने महाडच्या चवदार तळ्याकडे उतरतात. महाबळेश्वर-पाचगणी भाग जानेवारी २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. तिथे डोंगर कापायचा किंवा झाड तोडायचे तर जादा अटी लागतात. म्हणून कुठल्याही रुंदीकरणात पहिला प्रश्न हा: रस्ता कोणाचा आणि जमीन कोणत्या कायद्याखाली घेताय?

वतनाच्या जमिनीचे दुखणे

आपल्या समाजातल्या अनेक कुटुंबांकडे जी थोडी जमीन आहे, ती महार वतनाची. या वतनाच्या गुलामीविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले. पुढे १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द झाली आणि जमिनी ठरावीक रक्कम भरून मूळ वतनदारांना परत देण्याची तरतूद झाली. या जमिनी बहुधा नवीन शर्तीच्या, म्हणजे भोगवटादार वर्ग २ च्या. परवानगीशिवाय त्या विकता येत नाहीत.

संपादनात दुखणे इथे उघडे पडते. सातबारावर आजोबा-पणजोबांची नावे तशीच असतात. वारसनोंदी झालेल्या नसतात. एकाच उताऱ्यावर डझनावारी हिस्सेदार, त्यातले निम्मे मुंबई-पुण्याला. कोणी तरी पन्नास वर्षांपूर्वी साध्या कागदावर जमीन दुसऱ्याला 'लिहून' दिलेली असते आणि कसतो तिसराच. मोबदला जाहीर झाला की भाऊबंदकी पेटते. वाटणीचा वाद मिटला नाही तर कलम ३ह प्रमाणे प्रकरण दिवाणी न्यायालयात जाते आणि पैसे तिथे अडकतात. नातू निवृत्त होईपर्यंत आजोबांच्या जमिनीचा चेक निघत नाही.

यावर उपाय एकच आहे आणि तो रस्ता येण्याआधीचा आहे. वारसनोंदी आत्ता करून घ्या. फेरफार उतारे, पुनर्प्रदानाचा आदेश, रक्कम भरल्याची पावती तहसील कार्यालयातून नकला काढून ठेवा. बाहेरगावच्या हिस्सेदारांना बोलावून आपसात वाटणी ठरवा आणि ती लिहून काढा. ज्यांच्या गावाजवळून महामार्ग जातो, त्यांनी नोटिशीची वाट पाहू नये.

विहार, समाजमंदिर आणि पुतळा

सगळ्यात नाजूक प्रश्न हा. इथे भावना दुखावण्याआधी मालकी स्पष्ट करून घ्यावी, असे आम्ही स्पष्टच सांगतो. वस्तीतले समाजमंदिर बऱ्याचदा शासनाच्या दलित वस्ती सुधार योजनेतून, ग्रामपंचायतीमार्फत बांधलेले असते. इमारत ग्रामपंचायतीच्या नावावर असेल तर मोबदलाही ग्रामपंचायतीला जाईल. तो गावाच्या कुठल्या तरी दुसऱ्या कामात खर्च होऊ नये म्हणून, त्याच वस्तीत नवे समाजमंदिर बांधण्याचा ठराव ग्रामसभेत आधीच करून घ्या. विहार ट्रस्टचा असेल तर ट्रस्ट १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली नोंदलेला आहे का, विश्वस्तांच्या नोंदी अद्ययावत आहेत का, जागा ट्रस्टच्या नावावर आहे का, हे तपासा. कोणा एका उपासकाने तोंडी दिलेल्या जागेवर विहार उभा असेल, तर ते दान आजच नोंदणीकृत करून घ्या.

विहार किंवा पुतळा रस्त्याच्याच हद्दीत असेल तर परिस्थिती कठीण आहे, आणि ती लपवण्यात अर्थ नाही. सार्वजनिक जागेवर नवे अनधिकृत धर्मस्थळ नको, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २००९ ला दिला. जुन्यांचा निर्णय प्रकरणनिहाय घ्यायचा आहे. जानेवारी २०१३ मध्ये सार्वजनिक रस्त्यावर पुतळ्यांना परवानगी देऊ नये, असाही आदेश झाला. हा नियम सगळ्या धर्मांना आहे. आपली मागणी समान वागणुकीची असावी: यादीत सगळ्यांची स्थळे आहेत का, सगळ्यांना सारखी नोटीस आहे का, आणि पर्यायी जागा मिळाल्यावरच, सन्मानाने, आपल्या हातांनी स्थलांतर होईल ना? हे लेखी घ्या. बाबासाहेबांचा पुतळा रात्रीतून हलवला गेला तर गावात जे होईल त्याची जबाबदारी कोणी घेत नाही. दिवसाढवळ्या, पंचनामा करून, नव्या चौथऱ्यावर परवानगीने बसवलेला पुतळा पुढच्या शंभर वर्षांसाठी सुरक्षित होतो.

टपरीवाला आणि भाडेकरू

जमीन नावावर नाही म्हणून हक्कच नाही, हा सर्रास पसरलेला गैरसमज आहे. २०१३ च्या कायद्यात 'बाधित कुटुंब' या व्याख्येत जमीनमालकाशिवाय शेतमजूर, कूळ, वाटेकरी, कारागीर हेही येतात. अट एवढीच की संपादनाआधी किमान तीन वर्षे त्यांची उपजीविका त्या जमिनीवर अवलंबून असावी. ही तीन वर्षे सिद्ध करायला वीजबिल, रेशनकार्ड, मतदार यादी, मुलांचे शाळेचे दाखले, ग्रामपंचायतीचा नमुना नंबर ८ लागतो.

शहरी हद्दीतल्या हातगाडीवाल्यांसाठी २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे. त्यात हलवण्यापूर्वी ३० दिवसांची नोटीस सांगितली आहे. नगरपरिषदेच्या सर्वेक्षणात नाव आणि विक्रीचे प्रमाणपत्र नसेल तर ते आधी मिळवा. महामार्गाच्या हद्दीतल्या अतिक्रमणाला मात्र २००२ चा वेगळा कायदा लागतो आणि तिथे संपादनाचा मोबदला आपोआप मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या नोव्हेंबर २०२४ च्या 'बुलडोझर' निकालाचा दाखला आपले तरुण हल्ली सगळीकडे देतात. १५ दिवसांच्या नोटिशीचे ते संरक्षण मोलाचे आहे. पण रस्ता, पदपथ अशा सार्वजनिक जागेवरच्या अनधिकृत बांधकामाला ते लागू नाही, हे त्याच निकालात लिहिले आहे. चुकीच्या कागदावर लढाई उभी केली तर वस्तीचा विश्वास जातो.

या महिन्यात करायची कामे

पहिले, वस्तीतल्या दोन तरुणांनी महामार्ग प्राधिकरणाच्या प्रकल्प कार्यालयाकडे माहिती अधिकारात अर्ज करावा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. आपल्या गावापुरता आराखडा, भुयारी मार्गांची ठिकाणे, रस्त्याची हद्द आणि संपादनाच्या अधिसूचना मागाव्यात.

दुसरे, वस्तीची यादी करावी. घर, मालक, भाडेकरू, दुकान, झाडे, नळ, कागद आहे की नाही. फोटो तारखेसह.

तिसरे, ग्रामसभेत ठराव. त्यात पादचारी मार्ग, गटार, समाजमंदिर आणि पाणीपुरवठ्याची पाइपलाइन यांचा स्पष्ट उल्लेख हवा. ग्रामसभेला महिलांनी संख्येने जावे. रोज रस्ता ओलांडून पाणी, शाळा, दवाखाना त्याच करतात. कुठे ओलांडायचे ते त्यांनाच नेमके ठाऊक असते.

चौथे, प्रत्येक अर्जाची पोच. पोच नसलेला अर्ज दिलाच नाही असे धरले जाते.

मलकापूरच्या बाजूला आगाशिवचा डोंगर आहे. त्यात साठाहून अधिक बौद्ध लेणी कोरलेली आहेत. वाईजवळ लोहाऱ्याला लेणी आहेत, घाट उतरून महाडला गेले की गांधारपाले. व्यापारी वाटांच्या कडेला आपल्या पूर्वजांनी विहार कोरले, आणि विहारासोबत पाण्याची टाकी खोदली. लेण्यांतल्या शिलालेखांत तिला 'पोढी' म्हणतात. तिचे दान करणाऱ्यांची नावे दगडावर राहिली आहेत. सम्राट अशोकाने वाटेवर वड लावले, विहिरी खोदल्या, आणि ते आपल्या लेखांत नोंदवले. सुरूर ते वाई रस्त्यावरच्या जुन्या वडांखालून जाताना ते आठवते. वाटसरू कोण आहे हे न विचारता सावली आणि पाणी देणारा रस्ता ही आपली परंपरा आहे. १९०१ मध्ये याच जिल्ह्यात, टोलच्या झोपडीपाशी, चार मुलांना पाणी मिळाले नाही. नवा रस्ता या दोहोंपैकी कोणाच्या बाजूचा होणार, हे पुढच्या अधिसूचनेनंतरच्या २१ दिवसांत ठरेल. तेवढ्या दिवसांत आपला अर्ज पोहोचलेला हवा.

जय भीम! नमो बुद्धाय!